बलाढ्याला उत्तर

आपल्या घरात बारा-तेरा वर्षांचे मूल असेल, तर ‘पोकेमॉन’ हा शब्द आपल्या कानांवरून गेला असेलच. गेला नसल्यास, वाचकहो, घटकाभर माझ्याशेजारी बसावे, अशी माझी विनंती आहे. मी सत्तरी ओलांडलेला मनुष्य. सारी हयात हिशेबाच्या वह्यांत गेली. संगणकाच्या पडद्यावर दोन काल्पनिक प्राण्यांनी एकमेकांवर अग्नी आणि बर्फ फेकावा व ते मी श्वास रोखून पाहावे, असे भाकीत कोणी केले असते तर मी त्याला हसलो असतो. परंतु गेल्या वर्षी तशी पाळी माझ्यावर आली, आणि त्यातून मला जे उमगले ते आपणांस सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझ्या मुलाची बदली दक्षिणेकडे झाली. नवे गाव, नवी शाळा आणि नवी भाषा यांत सर्वांत अधिक गोंधळला तो माझा नातू. वर्गातील मुले आपसांत बोलत त्यातले निम्मे त्याला कळत नसे, आणि उरलेल्या निम्म्याला उत्तर देईपर्यंत विषय पुढे गेलेला असे. मात्र ती मुले सायंकाळी आपापल्या घरून ‘पोकेमॉन शोडाउन’ नावाच्या ठिकाणी संगणकावर लढती खेळत. तेथे भाषेची अडचण नव्हती. प्राणी पाळून वाढवण्याचेही कारण नव्हते. हवे ते सहा निवडावयाचे, प्रत्येकाला चार चाली द्यावयाच्या आणि समोरच्याच्या सहांशी लढावयाचे. नातू त्या मंडळीत शिरला याचे आम्हां सर्वांना समाधान वाटले. ते फार दिवस टिकले नाही. एका मुलाजवळ गारचॉम्प नावाचा ड्रॅगन होता. तो मैदानात उतरला की माझ्या नातवाचे प्राणी एकामागून एक कोसळत. तीन आठवड्यांत त्याने खेळणे सोडले, आणि पुढे पुढे त्या मुलांबरोबर डबा खाणेही सोडले. ही दुसरी गोष्ट कळली तेव्हा मी सावध झालो.

सावध झालो खरा, पण सल्ला दिला तो चुकीचा. मी म्हणालो, “मग तूही तोच ड्रॅगन घे.” त्याने माझे ऐकले. दोन गारचॉम्प समोरासमोर आले. दोघांचा वेग अगदी सारखा असला, की आधी वार कोणी करावयाचा हे निव्वळ दैवावर सोपवलेले असते. दैव त्या दिवशी पलीकडच्या बाजूला होते. नातू माझ्याकडे न पाहता म्हणाला, “आजोबा, तुम्हांला यातले काही कळत नाही.” ते खरे होते. त्याच रात्री मी त्याला म्हटले, “नाही कळत, तर मग मला शिकव.”

त्याने मला प्रथम शिकवले ते प्रकारांचे कोष्टक. या खेळात प्रत्येक प्राणी एका किंवा दोन प्रकारांचा असतो. पाणी अग्नीला भारी, अग्नी गवताला भारी, गवत पाण्याला भारी, असे अठरा प्रकार एकमेकांत गुंतलेले आहेत. अनुकूल वाराचा परिणाम दुप्पट होतो, प्रतिकूल वाराचा निम्मा, आणि काही वारांचा तर मुळीच होत नाही. प्राण्यांची संख्या हजाराच्या वर गेलेली आहे. एखाद्या जुन्या हिशेबनिसाला याहून रुचकर खाद्य कोणते मिळणार?

या कोष्टकालाही स्वतःचा इतिहास आहे. लहानपणी किडे गोळा करण्याचा छंद असलेल्या सातोशी ताजिरी या जपानी गृहस्थांच्या कल्पनेतून हा खेळ उभा राहिला आणि 1996 साली जपानमध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा प्रकार पंधराच होते, आणि त्यांत मनःशक्तीच्या प्राण्यांचे वर्चस्व असह्य होते. त्यांना भारी पडू शकणाऱ्या कीटकांच्या चाली अगदीच दुबळ्या होत्या, आणि भुतांचे वार तर त्यांना लागतच नसत. 1999 च्या पुढील खेळात निर्मात्यांनी दोन नवे प्रकार आणले. काळोखाच्या प्राण्यावर मनःशक्तीचा काहीच परिणाम होईना, आणि पोलादाच्या प्राण्यावर तो निम्माच होई. पुढे ड्रॅगन माजले, तेव्हा 2013 साली परीचा प्रकार आला. परीला ड्रॅगनी चाल लागतच नाही. वर्चस्व गाजवणाऱ्याच्या पुढ्यात त्याचा वार ज्याला लागत नाही असा कोणी आणून ठेवावा, ही रीत खेळ रचणाऱ्यांनीच घालून दिलेली आहे.

आता त्या गारचॉम्पकडे वळू. तो ड्रॅगन आणि भूमी अशा दोन प्रकारांचा. ‘अर्थक्वेक’ ही त्याची मुख्य चाल, तिचे बळ शंभर. स्वतःच्याच प्रकारची चाल असल्यामुळे दीडपट, म्हणजे दीडशे. एक पाळी खर्चून त्याने ‘स्वोर्ड्स डान्स’ केला की त्याचा जोर दुप्पट होतो आणि तेच बळ तीनशेच्या घरात जाते. पुन्हा त्याचे अंग इतके खरखरीत, की त्याला स्पर्श करून मारणाऱ्यालाच इजा होते. माझ्या नातवाने इतके दिवस पाहिले होते ते एवढेच. मी एक वही काढली, तीत दोन रकाने आखले आणि त्याला विचारले, “तो काय करतो हे तू मला सांगितलेस. आता तो काय करू शकत नाही, ते सांग.”

पहिला रकाना त्याला तोंडपाठ होता. दुसरा भरायला आम्हांला चार रात्री लागल्या.

भूमीचा वार उडणाऱ्या प्राण्याला लागत नाही, ही पहिली नोंद. ड्रॅगनी चाल परीला लागत नाही आणि पोलादाला निम्मीच लागते, ही दुसरी. तिसरी नोंद बर्फाची. भूमी आणि ड्रॅगन हे दोन्ही प्रकार बर्फापुढे दुबळे, म्हणून गारचॉम्पवर बर्फाचा वार चौपट बसतो. वीव्हाइल नावाचा एक चपळ प्राणी आहे. त्याच्या ‘आइस शार्ड’ या चालीचे बळ अवघे चाळीस. परंतु ती इतर साध्या चालींच्या आधी चालते, शत्रू कितीही वेगवान असो. आणि ती दुरून फेकावयाची असल्यामुळे त्या खरखरीत अंगाचाही उपद्रव होत नाही. स्वतःच्या प्रकारामुळे चाळीसाचे साठ होतात, आणि साठाची चौपट दोनशे चाळीस. हे गणित मांडले तेव्हा नातवाच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी हसू आले.

येथे या खेळातले जाणकार एक भेद करतात, तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे. शत्रूचा वार अंगावर झेलत मैदानात येऊ शकतो आणि तरीही त्याला नमवतो, तो खरा प्रतिकारक. दुसरा असतो तो केवळ अडसर. त्याला सुरक्षितपणे आत येण्याची संधी मिळाली तरच तो शत्रूला रोखतो, एरवी पहिल्याच तडाख्यात जातो. वीव्हाइल हा अडसर होय. अंगाने तो अगदी नाजूक. त्याला ऐन भूकंपात पाठवले तर त्याचे चौपटीचे गणित वहीतच राहावयाचे.

म्हणून प्रतिकारक शोधताना आम्ही स्कार्मरीपाशी आलो. हा पोलादी पंखांचा पक्षी. उडतो म्हणून भूकंप त्याला लागत नाही. पोलादी म्हणून ड्रॅगनी वार निम्मा. मारण्याची ताकद त्याच्यात बेताचीच. मात्र ‘व्हर्लविंड’ या चालीने तो शत्रूला मैदानाबाहेर उडवून देतो, आणि बाहेर गेलेल्याने नाचून मिळवलेला सारा जोर तेथेच विरतो. ‘रूस्ट’ ही चाल करून तो आपले निम्मे प्राणबळ भरून काढतो. परीच्या प्रकारातील क्लेफेबलचा गुण तर याहून नवलाचा. तिच्या एका जातीला शत्रूने वाढवलेल्या जोराची दखलच नसते. त्याने कितीही नाचून घ्यावे, तिच्या लेखी तो होता तेवढाच.

मी हर्षभराने म्हणालो, “झाले तर! आता काय बिघडणार?” नातू मोठ्या माणसासारखा म्हणाला, “आजोबा, त्याच्याकडे आगीची चाल असली तर पक्षी जळेल. आणि आपण सगळे गारचॉम्पसाठीच घेतले तर त्याचे बाकीचे पाच आपल्याला खातील.” सहा प्राणी, प्रत्येकी चार चाली, म्हणजे सगळ्या मिळून चोवीस, आणि समोर हजारांतून निवडलेले कोणतेही सहा. प्रत्येक भयाला ज्यात उत्तर आहे असा संघ मुळी होऊच शकत नाही. कोणते भय पत्करावयाचे हे आधी ठरवावे लागते. आम्ही पक्षी ठेवला, वीव्हाइल ठेवला आणि विजेच्या प्राण्यांचे भय पत्करले.

त्या दिवसांत नातवाने मला एक जुनी लढत दाखवली. 2014 साली वॉशिंग्टन येथे जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा झाली. तेथे एका वेळी प्रत्येकी दोन प्राणी मैदानात असतात. त्या वर्षी कांगास्खान नावाच्या बलदंड प्राण्याचा मोठा दरारा होता. दक्षिण कोरियाचा सेजुन पार्क मात्र आपल्या संघात पचिरिसू नावाची एक चिमुकली खार घेऊन आला. तिला कोणी गंभीरपणे घेत नसे. तिचे काम एवढेच, की शत्रूंचे वार ‘फॉलो मी’ या चालीने स्वतःकडे ओढून घ्यावयाचे आणि सोबत्याला मोकळीक द्यावयाची. तो सोबती गायराडोस. वीज हे त्याचे मर्मस्थान. आणि या खारीचा गुण असा, की वीज अंगावर आली तर इजा न होता तिचे प्राणबळ उलट भरून निघते. ज्या वाराने मोठा कोसळला असता, तोच वार धाकटीला औषध झाला. सेजुन पार्क अजिंक्य ठरला. त्या खारीकडे पाहताना मला संकोच वाटला, कारण नोकरीत असताना एका दांडग्या वरिष्ठापुढे मला दोनच मार्ग दिसले होते, मुकाट्याने सोसणे किंवा आवाज चढवून भांडणे. दोन्ही करून झाले, आणि दोन्ही वेळी हरलो. तो मनुष्य काय करू शकत नाही, याची वही मी कधी आखली नाही. नातवाला दिलेला तो पहिला सल्ला मी त्याच अनुभवाच्या गाठोड्यातून काढला होता.

अखेर एका शनिवारी नातवाने आपण होऊन त्या मुलाला लढतीचे आमंत्रण दिले. मी मागे खुर्चीवर बसलो. आमचा एक प्राणी पडल्यावर त्या जागी वीव्हाइल सुखरूप आत आला, समोर गारचॉम्प होता, आणि मी मनात दोनशे चाळीसाचा आकडा घोकत होतो. परंतु 2022 च्या खेळापासून अशी सोय आहे, की प्रत्येक लढतीत एकदा आपल्या एका प्राण्याचा प्रकारच पालटून टाकता येतो. बर्फ सुटण्याआधीच तो ड्रॅगन पोलादाचा झाला. पोलादावर बर्फाचा परिणाम निम्मा. दोनशे चाळीसाचे तीस झाले, आणि तो जेमतेम ओरखडा अंगावर घेऊन त्याने आपले नृत्य पुरे केले.

पूर्वी याच क्षणी माझा नातू संगणक बंद करून उठत असे. या वेळी तो उठला नाही. त्याने वही उघडली, दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवले आणि अगदी हळू म्हणाला, “पोलादाचा झाला, तरी चाल भूकंपाचीच आहे.” त्याने वीव्हाइलला मागे घेतले आणि पक्षी पाठवला. भूकंप आला आणि पक्ष्याच्या पंखांखालून निघून गेला. पुढच्या पाळीला व्हर्लविंड सुटला, आणि आमच्या घरात तीन आठवडे ठाण मांडून बसलेला तो ड्रॅगन आपल्या दुप्पट जोरासह मैदानाबाहेर फेकला गेला. जोर तेथेच विरला.

ती लढत आम्ही जिंकलो, असे लिहिता आले असते तर मला आवडले असते. विजेचे जे भय आम्ही पत्करले होते तेच पुढे आले. पक्षी पडला, आणि शेवटी त्यांचा एक प्राणी उभा राहिला, आमचा एकही नाही. मी नातवाच्या चेहऱ्याकडे पाहण्याचे टाळत होतो. तेवढ्यात पडद्याच्या कडेला त्या मुलाचा मजकूर उमटला. मोडक्या इंग्रजीत त्याने विचारले होते, तो पक्षी कोणता, आणि उद्या डबा खाताना तो कसा वापरावयाचा ते मला सांगशील का?

नातवाने उत्तर लिहिले, वही दप्तरात घातली, आणि मला म्हणाला, “आजोबा, आता विजेचा रकाना आखू या.”

तो रकाना अजून पुरा झालेला नाही.