उलांडीची होडी

भाट्ये, रत्नागिरी
कार्तिक वद्य सप्तमी

तीर्थरूप दादांस, शिरसाष्टांग नमस्कार.

होडी काल पूर्णगडाहून सुखरूप आली. होडीच्या बाजूला तरंगणारी उलांडी आधीच सोडून घेतली होती, नाहीतर ती टेम्पोत मावलीच नसती. खाली भाताचा पेंढा, वर ओली गोणपाटं, मागे बाहेर आलेल्या नाळेला लाल फडकं. होडी एकाच आंब्याच्या खोडाची. उन्हात तडकू नये म्हणून मामा पावस-गोळपच्या वळणांवरही उभे राहून गोणपाटांवर पाणी शिंपडत होते.

आजचा दिवस बांधणीत गेला. उलांडी पांगाऱ्याची, मी एकट्याने उचलली इतकी हलकी. होडीच्या काठांवर दोन आडव्या काठ्या बांधायच्या आणि त्यांच्या बाहेरच्या टोकांना ती. मी खिळ्यांचं विचारलं. मामा म्हणाले, "खिळा लाटेला अडतो. सुंभ लाटेबरोबर हलतं." शिवाय खाऱ्या पाण्यात खिळा गंजतो, काथ्या टिकतो. सुंभ भिजवायचं, लाकडाला पाय रेटून ओढायचं, प्रत्येक वेढा आधीच्याला चिकटून बसला पाहिजे. माझा पहिला बंध त्यांनी बोटाने हलवून पाहिला आणि न बोलता सोडला. दुसराही सोडला. तिसरा राहिला. तो तुम्ही पाहायला हवा होता.

जेम्स हॉर्नेल यांनी १९२० साली भारतीय होड्यांवर लिहिताना अशा उलांड्यांचं नातं थेट पॉलिनेशियाशी जोडलं होतं. मामांना सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "ते लोक सुंभ कशाचं वळतात?" नारळाचंच, म्हटल्यावर फार खूश झाले.

उद्या अष्टमी. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पहाटे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. भांगाचे दिवस, पाण्याला ओढ कमी. नव्या बांधणीला तेच बरं.

*

अष्टमी, दुपार

दादा, होडी तरली!

नाळेला हळदकुंकू, समुद्राला नारळ, मग माडाच्या ओंडक्यांवरून ढकलत खाडीत. ओहोटी लागली होती, मागून मतलई वारा. मामांनी डोलकाठी खोबणीत बसवली, शीड चढवलं आणि काजळीच्या मुखातून वल्हं न मारता आम्ही बाहेर पडलो. इतकं शांत, की सुंभ ताणल्याचा आवाज येत होता.

परतताना समुद्रावरून वारा सुटला, उलांडीच्याच बाजूने. ती पाण्यावरून उचलली जाऊ लागली. "जा, बस तिच्यावर!" मामा ओरडले. मी आडव्या काठ्यांवर सरकत गेलो, पाय पाण्यात, खाली माझाच बंध. वारा उलट बाजूने असला तर तीच पाण्यात दबून होडीला सावरते.

मिरकरवाडा बंदरात आता सगळी यंत्रं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, घरं त्यांच्यावर चालतात. पण शीड कधी ढिलं सोडायचं हे हाताला कळतं अशी माणसं मला इथे मामांच्याच वयाची भेटली. म्हणून मी आणखी आठवडाभर राहतो आहे. आईला सांगा.

सोबत सुंभाचा तुकडा पाठवतो आहे. माझी गाठ आहे, सोडू नका.

आपला,
बाळू