काकांची एमजी

बडोद्याच्या दांडिया बाजारातील एका जुन्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तिच्यात धुतलेल्या चादरीखाली एक मोटार उभी असते. मालकाला जाऊन दोन महिने झाले होते आणि मृत्युपत्रातील एका ओळीने ती त्याच्या पुतणीची झाली होती. पुतणी बँकेत नोकरी करणारी, चौथ्या मजल्यावर राहणारी. मोटारीच्या चाकात हवादेखील तिने कधी स्वतः भरली नव्हती.

ही मोटार म्हणजे १९४८ सालची एमजी टीसी. दुसरे महायुद्ध संपले त्याच वर्षी, म्हणजे १९४५ मध्ये, इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्याने ही दोन आसनांची स्पोर्ट्स कार बनवायला घेतली आणि १९४९ पर्यंत अशा सुमारे १०,००० गाड्या बाहेर पडल्या. इंजिन १,२५० सी.सी.चे, ५४ अश्वशक्तीचे. आजच्या पुष्कळ घरगुती मोटारी हिला सहज मागे टाकतील. पण तारांची उंच चाके, लांब नाक आणि पुढे दुमडून आडवी करता येणारी काच पाहिली, की शर्यतीचा विचारच मनात येत नाही. पेट्रोल दाखवणारा काटा तिला नाही. टाकी रिकामी होत आली की एक हिरवा दिवा लागतो. वेगमापकही चालकापुढे नाही. चालकापुढे इंजिनाचे फेरे दाखवणारी तबकडी असते आणि वेग दिसतो तो शेजारी बसणाऱ्याला. या रचनेमुळे काकूंच्या वाट्याला एक काम आले. काका विचारीत, "किती?" काकू सांगत, "तीस." अर्थात, मैलांत.

काका एका कारखान्यात फोरमन होते. १९६७ मध्ये त्यांनी ही गाडी एका गोदामातून जवळजवळ भंगाराच्या भावाने आणली. टीसीच्या पत्र्याच्या आत ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाचा सांगाडा असतो. तो वाळवीने पोखरला होता. काकांनी एका सुताराला हाताशी धरले आणि तुकड्यातुकड्याने माप घेऊन तो सबंध सांगाडा सागात उभा केला. इंजिनाचे बोल्ट ही आणखी एक डोकेदुखी होती. त्यांचे आटे मेट्रिक आणि डोकी मात्र जुन्या इंग्रजी व्हिटवर्थ मापाची. बाजारातला बोल्ट आणावा तर त्याला घरातला पाना बसत नसे. असा एक बोल्ट मुंबईहून यायला कधी महिनाही लागे. काकूंच्या दोन बांगड्या याच गाडीपायी मोडल्या, हे घरात सर्वांना ठाऊक होते. बोलत कोणी नसे.

तेराव्यानंतर मात्र काकू बोलल्या. "वीक ती. माझ्या दोन बांगड्या आहेत तिच्यात."

विकत घेणाराही होता. त्याने सांगितलेली रक्कम ऐकून पुतणीला पहिल्यांदा गाडीची भीती वाटली. पण विकायची तरी आधी ती तिच्या नावावर व्हायला हवी होती. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे आणि तीन महिन्यांच्या आत नावबदलाचा अर्ज करावा, असा नियम आहे. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या वाहनांसाठी २०२१ मध्ये वेगळी नोंदणी सुरू झाली. तशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. हे सारे समजून घेण्यासाठी कागद शोधताना तिला काकांची वही सापडली.

वहीत तारखा होत्या. 'कार्ब्युरेटरच्या डबीत तेल घातले.' 'मागच्या डाव्या चाकाच्या दोन तारा सैल.' 'पंपाचा आवाज बदलला, लक्ष ठेवणे.' अठ्ठावन्न वर्षांच्या त्या नोंदींत गाडीविषयी प्रेमाचा एकही शब्द नव्हता. पुढे तिची काय व्यवस्था लावावी, हेही कोठे लिहिले नव्हते. शेवटच्या पानावर अक्षर थरथरलेले होते: 'पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्के झाले. रबरी नळ्या सर्व बदलल्या.' ही नोंद इस्पितळात जाण्याच्या तीन आठवडे आधीची होती. पंचाऐंशी वर्षांचा माणूस पुढच्या दहा वर्षांसाठी नळ्या बदलून गेला होता.

तेव्हापासून पुतणी दर रविवारी येऊ लागली. काकांचा जुना मिस्त्री शेडच्या दाराशी स्टुलावर बसे आणि हात मात्र लावीत नसे. किल्ली फिरवायची. पंप टकटक करू लागतो. ती टकटक मंदावेपर्यंत थांबायचे. मग चोक, मग स्टार्टरची घुंडी. पहिल्या रविवारी इंजिन नुसतेच खोकले. दुसऱ्या रविवारी बॅटरी उतरली. बोटांना लागलेले काळे तेल सोमवारी बँकेच्या काउंटरवरही दिसत होते, आणि ते लपवावे असे तिला वाटले नाही, हे तिच्या सहकाऱ्यांना जरा चमत्कारिक वाटले. तिसऱ्या रविवारी इंजिन चालू झाले.

आवाज ऐकून काकू मागच्या दारात आल्या. क्षणभर उभ्या राहिल्या. मग घरात जाऊन त्यांनी चपला घातल्या, डोक्याला रुमाल बांधला आणि काही न बोलता गाडीच्या डाव्या बाजूला आल्या. त्या गाडीची दारे उलटी, मागच्या बाजूला बिजागरी असलेली. ऐंशी वर्षांच्या बाईला आत बसणे सोपे नव्हते. मिस्त्रीने हात पुढे केला; त्यांनी तो घेतला नाही. नेहमीच्या सवयीने पाय आधी आत टाकून त्या बसल्या.

गाडी गल्लीतून बाहेर पडली. सूरसागर तलावाकडे जाणारा रस्ता पहाटेचा मोकळा होता. पुतणीची नजर पुढे खिळलेली, दोन्ही हात चक्रावर घट्ट. वेगाचे तिला भानच नव्हते आणि विचारायचे असते हेही ठाऊक नव्हते.

"पस्तीस झाले," काकू म्हणाल्या. "या वळणावर ते तीसच्या वर कधी जात नसत."