उजवा दिवा

मराठीतली काही क्रियापदे मोठी मिस्कील आहेत. 'दिसणे' हे त्यांतलेच एक. 'मला रस्ता दिसतो' असे आपण म्हणतो आणि 'मी रस्त्यावर दिसते' असेही म्हणतो. पाहणारा एकीकडे, पाहिला जाणारा दुसरीकडे. क्रियापद मात्र दोघांचे एकच. मोटारीला पुढे दिवे कशासाठी असतात, असे कुठल्याही वर्गात विचारावे, मुले एका सुरात सांगतील, "अंधारात दिसायला, बाई!" उत्तर बरोबरच आहे. पण कुणाला दिसायला, आणि काय, हे काही त्या उत्तरात नाही. गाडी हाकणाऱ्याला रस्ता दिसायला, की समोरून येणाऱ्याला गाडी दिसायला? वर्गात मी या दोन अर्थांचा पुष्कळ कीस काढते. मात्र त्यांतला दुसरा अर्थ किती जड आहे, हे मला व्याकरणाने शिकवले नाही. ते माझ्या दादाच्या उजव्या गुडघ्याने शिकवले.

माझे माहेर पाटणच्या पलीकडे, कोयनेच्या खोऱ्यात. २०११ सालच्या थंडीतली गोष्ट. दादा पहाटे डेअरीला दूध घालून मोटारसायकलवरून परत येत होता. समोरून एकच दिवा येताना त्याला दिसला. रस्त्याच्या पार त्या कडेला. त्याने साहजिकच धरले, की आपल्यासारखाच कोणी मोटारसायकलवाला आहे, आणि त्याची बाजू धरून चालला आहे. आपल्या कडेला खड्डे होते म्हणून दादा जरा मधे सरकला. तो दिवा होता एका टेंपोचा डावा दिवा. उजवा केव्हाच गेलेला. दादाला जी मोकळी काळोखी जागा वाटली, त्या जागेत टेंपोचे निम्मे अंग होते.

दादा वाचला, हे आमच्या आईचे पुण्य. पण तेव्हापासून त्याचा गुडघा वाकत नाही. भाऊबीजेला त्याला पाटावर बसता येत नाही; मी त्याला खुर्चीवर बसवून ओवाळते. भावाने बहिणीकडे यायचे ही रीत खरी, पण लांबचा प्रवास त्याला होत नाही, म्हणून दरवर्षी पाडव्याच्या रात्री आम्हीच कराडहून निघतो. पस्तीस-चाळीस किलोमीटरांची वाट. हंगामाच्या तोंडावर उसाच्या ट्रॉल्या सुरू झालेल्या असतात, आणि पाटणच्या पुढे काळोख कसा असतो ते तिकडच्या माणसांनाच ठाऊक.

आमच्या शेजारी आप्पा राहतात. एस.टी.त तीस वर्षे ड्रायव्हर होते. दादाची हकिगत ऐकून ते म्हणाले होते, "बाई, गाडीचा डावा दिवा गेला तर अर्धा रस्ता गेला. उजवा गेला तर समोरचा माणूस गेला." आपल्याकडे डाव्या बाजूने वाहने चालतात, तेव्हा दोन गाड्या एकमेकींच्या जवळून जातात त्या उजव्या अंगाने. गाडीची हद्द कुठे संपते, हे समोरच्याला सांगणारा उजवाच दिवा. शेताच्या बांधावरचा दगड जसा, तसा तो. इतके दिवस मी समजत होते, की दिवे म्हणजे गाडीचे डोळे. आप्पांनी सांगितल्यावर कळले, की ते तिचे खांदेही आहेत.

गेल्या पाडव्याची गोष्ट. संध्याकाळी ह्यांना ओवाळून झाले, फराळाचे डबे बांधून झाले, आणि ह्यांनी दिवे लावून पाहिले. कुंपणाच्या भिंतीवर उजेडाचे दोन पट्टे पडायचे, तिथे एकच पडला. डावा. अप्पर लावला तेव्हा दोन्ही पेटले. म्हणजे उजव्या बल्बातली डिप्परची तार तेवढी गेली होती.

"चला, निभावलं," हे म्हणाले. "अप्पर लावून जाऊ. दोन्ही दिवे दिसतील."

"अहो, दिवे दिसतील; समोरच्याला दुसरं काय दिसेल? डोळे मिटायची वेळ येईल त्याच्यावर."

"मग डिप्परवर हळूहळू जाऊ. एका दिव्यावर काही अडत नाही."

मी काही बोलले नाही. हेही मग काही बोलले नाहीत. दादाचा गुडघा आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला होता.

गॅरेजवाला पाडव्याला आपल्या गावी गेलेला. पण पाडवा म्हणजे व्यापाऱ्यांचे नवे वर्ष. सुट्या भागांच्या दुकानदाराने वहीपूजन करून मुहूर्तापुरते शटर अर्धे वर ठेवले होते. वहीवरचे हळदकुंकू अजून ओले होते. त्याने आधी एक निळसर पांढरा, लखलखीत दिवा पुढे केला. "हा टाका ताई, दिवसासारखा उजेड पडेल." मी नको म्हटले. साध्या बल्बासाठी घडवलेल्या आरशात असले दिवे बसवले, की त्यांचा उजेड भलतीकडे फाकतो. हल्ली रात्रीच्या रस्त्यावर ते आपल्या डोळ्यांत घुसतात ते म्हणूनच. मग त्याने नेहमीचा एच-फोर बल्ब काढला आणि म्हणाला, "मग जोडीच न्या. एक गेला की दुसऱ्याचंही वय झालेलं असतं." हा सल्ला मात्र मला पटला.

घरी येऊन मी तो बल्ब दिव्याखाली धरून निरखला. साठ-पंचावन्न वॅटचा, साठ अप्परला, पंचावन्न डिप्परला. काचेच्या आत दोन बारीक तारा, आणि पुढच्या तारेखाली धातूची एक इवलीशी वाटी, बाहुलीच्या भातुकलीतली शोभावी अशी. ती वाटी कशाला, असे मी आप्पांना विचारले. ते म्हणाले, "डिप्परचा उजेड खालच्या आरशावर पडला तर वर उसळून समोरच्याच्या डोळ्यांत जाईल. म्हणून खालून वाटी धरलीय." दुसऱ्याच्या डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून दिव्याखाली ओंजळ धरणारा तो कारागीर कोण असेल, असे माझ्या मनात आले. मागाहून मी वाचून काढले. हॅलोजनचे दिवे युरोपात मोटारींवर आले १९६२ साली; तेव्हा त्यांत एकच तार असे. अप्पर आणि डिप्पर एकाच काचेत घेणारा हा एच-फोर आला १९७१ साली. तार तापली की तिच्यातले टंगस्टन उडून जाते आणि आतला हॅलोजन वायू ते गाठून परत तारेकडे आणून सोडतो. त्यामुळे साध्या बल्बासारखी याची काच काळवंडत नाही. तरी आणलेले नेमके झिजल्या जागीच पडेल असे नाही. म्हणून तार कधीतरी तुटतेच.

बॉनेट उघडले आणि खरी अडचण समोर आली. उजव्या दिव्याच्या पाठीशी अगदी खेटून बॅटरी बसवलेली. दिवा आणि बॅटरी यांच्यामध्ये जेमतेम एक फट. बॅटरी काढली असती तर काम सोपे होते. पण तिचा बोल्ट गंजला होता आणि आमच्या घरचा पाना त्यावरून नुसता घसरत होता. ह्यांनी हात घालून पाहिला. मनगटाअलीकडेच अडकला. आप्पा आले, त्यांचा पंजा तर स्टिअरिंग फिरवून फिरवून पराती एवढा झालेला. माझी लेक म्हणाली, "आई, माझा जाईल." तिचा हात गेला, पण बोटे टोकापर्यंत पोचेनात.

तेव्हा मला आमच्या गावचा कासार आठवला. लहानपणी आजी मला त्याच्याकडे बांगड्या भरायला नेई. माझ्या हाताला बसतील की नाही अशा लहान बांगड्या तो घ्यायचा. अंगठा तळव्यात दुमडायचा, चारी बोटांची पेरे एकमेकांत दाबून बसवायचा आणि म्हणायचा, "हात माझ्याकडं दे पोरी. तू नको ओढू. हात ओढला की आडमुठा होतो." एरवी न जाणारी बांगडी मग पाण्यासारखी आत उतरायची.

मी उजव्या हातातल्या बांगड्या काढून ओट्यावर ठेवल्या. वसुबारसेपासून हात तेलातुपात होते, म्हणून ते दोनदा साबणाने धुऊन कोरडे केले. या बल्बाच्या काचेला बोटांचे तेल लागता कामा नये. जिथे तेल लागते तिथे काच जास्त तापते आणि बल्ब अल्पायुषी ठरतो. दिवे आणि इंजिन बंद आहेत ना, हे पाहून घेतले. जळता बल्ब नुकताच विझवला असता तर तो निवेपर्यंत थांबावे लागले असते. अप्पर क्षणभरच लावला होता, तरी थोडा वेळ जाऊ दिला. मग कासाराने शिकवल्यासारखा अंगठा तळव्यात दुमडून हात त्या फटीत सोडला. हात गेला.

पुढचे सगळे काम आंधळ्याचे. डोळ्यांना तिथे प्रवेशच नव्हता. जे काय दिसायचे ते बोटांना. आप्पा बाजूला उभे राहून डाव्या दिव्याकडे पाहत एकेक पायरी सांगत होते. "आधी तीन पिनांचा कनेक्टर. सरळ मागं ओढा बाई, हलवत हलवत." तो निघाला. "आता रबरी टोपी. तिला शेपूट आहे, ते धरा." तीही निघाली. "आता तारेची क्लिप. आत दाबा आणि बाजूला सरकवा." क्लिप दोनदा निसटली, तिसऱ्यांदा सुटली. जुना बल्ब हातात आला. बॅटरीच्या कडेने मनगट चांगलेच खरचटले होते.

नवा बल्ब मी धातूच्या बुडाकडून चिमटीत धरला. त्या बुडाला तीन कान असतात. त्यांतला एक इतरांहून रुंद. त्यामुळे बल्ब एकाच रीतीने बसतो. उलटा बसला तर ती वाटी वर जाईल आणि सारा उजेड समोरच्याच्या तोंडावर. तसे होऊ नये, म्हणून करणाऱ्याने उलटे बसण्याची वाटच बंद करून ठेवली आहे. मी बल्ब टेकवून हळूहळू फिरवत राहिले. एका क्षणी तो आपणहून घरात शिरला. कुलपात किल्ली बसावी तसा. मग क्लिप, मग टोपी, मग कनेक्टर, सगळे उलट्या क्रमाने.

ह्यांनी डिप्पर लावला. भिंतीवर दोन पट्टे उमटले. दोन्ही उजवीकडे सपाट आणि डावीकडे जरासे वर चढलेले. ते तसेच असायचे, आप्पांनी सांगितले. डावीकडे कडेने चालणारा माणूस दिसायला हवा, आणि उजवीकडून येणाऱ्याचे डोळे दिपायला नकोत. ट्रकांच्या पाठीवर 'यूज डिप्पर अ‍ॅट नाइट' अशी रंगवलेली विनंती आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. ती अशी दिव्याच्या पोटातच लिहून ठेवलेली आहे, हे मला त्या भिंतीवर वाचायला मिळाले. दसऱ्याला आपण गाडीला झेंडूची माळ घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. त्याच वेळी गाडी भिंतीसमोर उभी करून हे दोन पट्टेही पाहावेत; पूजेला तेवढ्याने काही उणे येणार नाही.

आम्हाला निघायला साडेआठ झाले. पाटण मागे पडल्यावर एका वळणावर समोरून एकटा दिवा आला. ह्यांनी डिप्पर दिला. त्यानेही दिला. आणि थोडे अलीकडेच तो आपल्या कडेला सरकला. चारचाकीला द्यावी तेवढी जागा सोडून, निर्धास्तपणे. जवळून जाताना पाहिले, तर मोटारसायकलच होती. पुढे दुधाचा कॅन, मागे डोक्याला मफलर गुंडाळलेला कोणी पोरगा. त्याने आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याला तसे काही कारणच नव्हते.

दादा अंगणात खुर्ची टाकून बसला होता. इतक्या थंडीत बाहेर का, म्हणून मी रागावले. तो म्हणाला, "ओढ्याच्या वळणावर दोन दिवे दिसले, तेव्हाच म्हटलं चारचाकी आहे. तुम्हीच असणार." एवढे बोलून तो काठी टेकत आत गेला. मी त्याला काही सांगितले नाही.

वहिनींचे लक्ष मात्र आधी माझ्या हाताकडे गेले. "अगंबाई, सणासुदीचा उजवा हात मोकळा? आणि हे मनगट कुठं खरचटलं?" बांगड्या कराडला ओट्यावर राहिल्या होत्या. त्यांनी काही ऐकून घेतले नाही. कपाटातून हिरव्या बांगड्यांचा डबा काढला, मला चुलीजवळ बसवले आणि माझा अंगठा तळव्यात दुमडत म्हणाल्या, "द्या इकडं हात. तुम्ही नका ओढू."