पुजारी कोण होणार?

प्रश्न तसा किरकोळ आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळायला बसलात तर पहिला तास याच प्रश्नात जातो. तुम्ही कोण होणार? योद्धा, चोर, जादूगार की पुजारी?

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. "समोर गुहा आहे, काय करता?" असं तो विचारतो, तुम्ही सांगता, आणि जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत हा खेळ काढला. तेव्हा पात्रांचे प्रकार तीनच होते: योद्धा, जादूगार आणि पुजारी. चोर १९७५ मध्ये आला. २०१४ च्या नियमपुस्तकात हेच प्रकार बारा झाले.

पुण्यात आमचा दर शनिवारचा कंपू आहे. सगळे आयटीवाले. मी त्यात शेवटी सामील झालो आणि शेवटी येणाऱ्याच्या वाट्याला जे येतं तेच आलं. "अरे, आपल्याकडे पुजारी नाहीये, तू होतोस का?" पुजाऱ्याचं काम काय? तर बाकीच्यांनी तलवारी चालवायच्या, मार खायचा आणि आपण मागे उभं राहून त्यांच्या जखमा बऱ्या करायच्या. थोडक्यात प्रॉडक्शन सपोर्ट. दोन वर्षं मी हेच केलं. तक्रार कुठे करणार? इंजिनिअरिंगची शाखा राउंडमध्ये मिळाली ती घेतली, कंपनीत ट्रेनिंगनंतर जी टेक्नॉलॉजी अंगावर टाकली ती घेतली. सवय झालेली.

असो. दिवाळीला गावी गेलो होतो. गाव हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात. सोयाबीन निघालेलं, हळद रानात उभी. पुतण्याने बॅगेतला फाशांचा डबा शोधून काढला आणि, "काका, हे काय करायलात तुम्ही?" मग काय! संध्याकाळी ओसरीवर सतरंजी टाकली. पुतण्या, पुतणी आणि पुतण्याचे दोन मित्र. सोयाबीनचे दाणे झाले गॉब्लिन. ड्रॅगन म्हणून हळकुंड. (पिवळा ड्रॅगन. आमच्या जिल्ह्यात दुसरा कुठला असणार?)

आता पात्र बनवायचं म्हणजे आधी त्याची 'रेस' ठरवायची: माणूस, एल्फ, की बुटका ड्वार्फ. मग 'क्लास', म्हणजे तो करतो काय. मी आपला ऐटीत मराठीतून समजावून सांगत होतो. सहज बोलून गेलो, "हां, तर आता प्रत्येकानं आपापली जात निवडा."

ओसरी गप्प.

पुतणी माझ्याकडे बघायला लागली. तिकडे आईचे वाती वळणारे हात थांबले. पुतण्याच्या मित्रांपैकी जो जरा अबोल, अंग चोरून सतरंजीच्या कडेला बसला होता, तो खाली फाशांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "काका, जात कशी निवडायची?"

गावाबाहेर राहून माणूस असा गाढव होतो. मी घाईघाईने शब्द फिरवला. "जात नाही रे, कूळ... म्हणजे, प्रकार. माणूस की एल्फ." पण शब्द तोंडातून गेला होता.

रात्री यावर विचार करताना जुनी नियमपुस्तकं आठवली आणि गंमत वाटली. गंमत तरी कशी म्हणू. १९७८ च्या पुस्तकात पॅलाडिन, म्हणजे धर्मवीर योद्धा, फक्त माणसालाच होता यायचं. ड्वार्फला जादूगार होण्याची सोयच नव्हती. १९८१ च्या बेसिक संचात तर कळसच! माणसाला योद्धा, चोर, काय हवं ते होता यायचं, पण ड्वार्फ हा ड्वार्फच आणि एल्फ हा एल्फच. जन्म हाच धंदा. २००० साली तिसरी आवृत्ती आली आणि हे कुंपण काढलं गेलं. कुणीही काहीही व्हावं. २०२४ च्या पुस्तकात तर 'रेस' हा शब्दच बदलला. म्हणजे एका काल्पनिक जगालासुद्धा हे सुधारायला पंचवीस-पन्नास वर्षं लागली. जन्मावरून काम ठरतं, हे लिहिणाऱ्यांना सुरुवातीला विचित्र वाटलं नसावं. आपल्यालाही कुठे वाटत होतं?

तर पुन्हा ओसरीवर. मी जादूवाल्यांचे प्रकार सांगितले. विझर्ड पुस्तकं वाचून जादू शिकतो. सॉर्सररची जादू जन्मतःच अंगात असते. वॉरलॉक कुणा बड्या शक्तीशी करार करून मिळवतो. पुजाऱ्याला देव देतो. पुतणी ताबडतोब म्हणाली, "मी शिकून होणार." औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगोची वेधशाळा व्हायचीय, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. २०२३ मध्ये केंद्राने मंजुरी दिली, तेव्हापासून बाईसाहेबांना शास्त्रज्ञ व्हायचंय. पुतण्या योद्धा, त्यावर चर्चाच नाही. एक मित्र चोर झाला, तोही फार खुशीत.

उरला तो अबोल मुलगा. आणि तिघंही एका सुरात, "तू पुजारी हो, कुणाला तरी व्हावंच लागतंय."

माझ्या पोटात कालवलं. हेच वाक्य! मी म्हटलं, "थांबा. त्याला नको असेल तर नको. जखमांसाठी मी औषधाच्या बाटल्या ठेवतो गुहेत. तू तुला पाहिजे ते हो."

तो बराच वेळ वीस बाजूंचा फासा हातात फिरवत बसला. मग विचारलं, "काका, पुजारी कोणालाही होता येतंय?"

"हो."

"कोणालाही?"

"कोणालाही."

"मंग मी पुजारीच होतो," तो म्हणाला.

मला उत्तर सुचेना. आई तिकडून वाती वळत वळत म्हणाली, "नामदेवाला तर देवळाम्होरून उठवलं होतं."

गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ. परंपरेनुसार नामदेवांचं गाव नर्सी, आमच्याच जिल्ह्यातलं. १२७० चा जन्म. गोरोबा काकांनी सगळ्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोण पक्कं, कोण कच्चं ते तपासलं, आणि नामदेव कच्चे निघाले. रागावले, पण मग गुरू शोधत औंढ्याला आले. बघतात तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले! "जिथे देव नसेल तिथे उचलून ठेव माझे पाय," म्हणाले. पुढे याच देवळासमोर नामदेव कीर्तन करत असताना त्यांना मागे जायला सांगितलं, ते मागे गेले, आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं, अशी आख्यायिका. औंढ्याला नंदी देवळाच्या मागे आहे, त्याचं कारण लोक हेच सांगतात.

मला एकदम वाटलं, काय कंपू होता हो तो! कुंभार, माळी, सोनार, न्हावी, शिंपी. सगळ्यांना धंदा जन्माने मिळालेला, एकानेही निवडलेला नाही. नामदेवांची नोंद शिंपी अशीच होणार. पण ते झाले कीर्तनकार, आणि एवढे लांब फिरले की त्यांची ६१ पदं आज गुरू ग्रंथ साहिबात आहेत. पात्राच्या कागदावर वर काय छापलंय आणि खाली माणूस काय करून ठेवतो, यात एवढं अंतर पडू शकतं.

खेळ रात्री अकरापर्यंत चालला. पुतण्या हीरोगिरी करत सहा सोयाबीनच्या मधोमध घुसला आणि तिसऱ्याच फेरीत आडवा झाला. औषधाच्या बाटल्या अजून लांब होत्या. पुजारी उठला, चोराला म्हणाला, "तू दार धर, मी जातो," आणि सरळ आत. फासा टाकला, अठरा! दोन वर्षं पुजारी होऊन मी इतक्या तोऱ्यात कधी आत शिरलो नव्हतो. तेव्हा लक्षात आलं की माझं दुखणं पुजारी असण्याचं नव्हतंच. मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कधी 'नको' म्हटलं नव्हतं, दुखणं ते होतं.

पुण्याला आल्यावर पुढच्या शनिवारी मी जाहीर करून टाकलं, "यापुढे मी चोर." दोन मिनिटं शांतता. मग एक जण म्हणाला, "मग जखमा कोण भरणार?" मी म्हटलं, "बघा बुवा. बाटल्या विकत घ्या." अजून निर्णय झालेला नाही, पण आता प्रश्न सगळ्यांचा आहे, हे काय कमी आहे?

परवा पुतण्याचा फोन होता. फाशांचा डबा मी तिथेच ठेवून आलोय. चौघं दर रविवारी बसतात म्हणे, पात्रांच्या कागदांची झेरॉक्स काढलीय. गोष्ट कोण सांगतं, विचारलं. तर म्हणाला, "पुजारीच सांगायलाय की आता. लै भारी सांगतो."