छतावरचं युनिट आणि होल्याची पिल्लं



फिनिक्सला नव्याने राहायला आलेल्या दोघीतिघींनी गेल्या महिन्यात मंदिरात विचारलं, "ताई, तुम्ही छतावरचं युनिट बदललंत ना, किती टनाचं घेतलं?" टन सांगून झाले. पण त्या टनांमागे आमच्या घरात आठ दिवस जे चाललं होतं, ते दाराशी चपला घालता घालता सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे लिहिते.

भारतातल्या मैत्रिणींसाठी आधी थोडं. आपल्याकडे एसी म्हणजे खोलीत एक पेटी आणि बाहेर भिंतीवर दुसरी. इथल्या पुष्कळ जुन्या घरांत तसं नसतं. कॉम्प्रेसर, पंखे, गार करणाऱ्या नळ्यांची जाळी, हिवाळ्यात ऊब देणारी सोय, सगळं एकाच मोठ्या पत्र्याच्या खोक्यात असतं आणि ते खोकं छतावर बसवलेलं असतं. त्याला पॅकेज युनिट म्हणतात. त्यातून पत्र्याचे डक्ट छतातून खाली उतरवतात आणि घरभर हवा खेळते. आमचं हीट पंपचं आहे. उन्हाळ्यात ते घरातली उष्णता बाहेर फेकतं आणि हिवाळ्यात तोच वायू उलट्या दिशेने फिरवून बाहेरची उष्णता आत आणतं. वाळवंटात कसली आली थंडी, असं सासूबाई म्हणायच्या. जानेवारीतल्या एका पहाटे स्वेटर शोधत बसल्या, तेव्हापासून म्हणत नाहीत.

सासूबाई कारंजा लाडच्या. विदर्भातले उन्हाळे काढलेली बाई. तिकडे उन्हाची चाहूल लागली की कूलरच्या ताट्या बदलायच्या, पाणी भरायचं, हा घरचा एक सणच. इथे पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांचा प्रश्न होता, "डेझर्ट कूलर म्हणतेत ना त्याले, मग डेझर्टात तोच काहून नाही?" प्रश्न रास्त होता. इथेही पूर्वी घरोघरी छतावर कूलरच असायचे, काही घरांवर अजून दिसतात. हवा कोरडी असते तोवर ते छान चालतात. पण जुलैत इथला मान्सून येतो, हवेत ओल येते आणि मग ओल्या पॅडमधून आलेली हवा अंगाला नुसती चिकटते. शिवाय टाकीत पाणी साठतं, शेवाळ धरतं, डास होतात. एवढं सांगितल्यावर मात्र सासूबाईंनी कूलरचा विषय सोडला. पाणी गाळून पिणाऱ्या घराने डोक्यावर साठलेलं पाणी कसं ठेवायचं?

तर गेल्या वर्षी जूनच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी तीन वाजता आमचं युनिट बंद पडलं. आधी वाटलं कपॅसिटर गेला असेल. उन्हाने तो अधूनमधून जातोच, बदलला की तासाभरात घर मार्गी लागतं. या वेळी कॉम्प्रेसर जळाला होता. सतरा वर्षं चाललेलं यंत्र, दुरुस्तीत अर्थ नव्हता. बाहेर ११२ अंश फॅरेनहाइट, म्हणजे आपले ४४. इथे एसी बंद पडणं ही गैरसोय नसते, त्यात माणसं जातात. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्सचं तापमान सलग ३१ दिवस ११० किंवा त्याहून वर होतं. त्या वर्षी आमच्या मॅरिकोपा काउंटीत उष्म्याने ६४५ मृत्यू झाल्याची नोंद आहे, आणि त्यांतले कित्येक घरातच गेले, एसी असून बंद पडलेल्या घरात. सासूबाई शहात्तर वर्षांच्या, रक्तदाबाची गोळी चालू. हे सगळं माझ्या डोक्यात होतं.

पहिल्या कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी आला. घरात पाऊल न टाकता म्हणाला, पाच टनाचं बसवू, मोठं घेतलेलं बरं. मग छतावर चढला, उतरला आणि म्हणाला, "खाली एक घरटं आहे. जुनं युनिट उचलताना काढून टाकू, त्याचे वेगळे पैसे लावणार नाही." त्याने ते आमच्यावर उपकार केल्यासारखं सांगितलं.

ह्यांनी शिडी लावून फोटो काढला. युनिट ज्या लोखंडी चौकटीवर बसतं, तिच्या आणि छताच्या मधल्या फटीत चार काड्या टाकून केलेलं घरटं, त्यात दोन पिल्लं. पिसं जेमतेम फुटलेली. सासूबाईंनी फोन हातात घेऊन बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "थांबू आपण."

मी काहीच बोलले नाही. खरं सांगते, माझ्या मनात त्या क्षणी पिल्लं नव्हती. माझ्या मनात स्वयंपाकघर होतं.

दुसऱ्या कंपनीचा माणूस वेगळा निघाला. त्याने खोल्या मोजल्या, पश्चिमेच्या काचा मोजल्या, माळ्यावर इन्सुलेशन किती जाड आहे ते पाहिलं, आणि हिशोब करून सांगितलं की घराला चार टन पुरेत. (इथे टन म्हणजे वजन नव्हे बरं का. तासाला बारा हजार बीटीयू उष्णता बाहेर काढण्याची ताकद म्हणजे एक टन.) गरजेपेक्षा मोठं यंत्र झटक्यात गार करून बंद पडतं, पुन्हा चालू होतं, पुन्हा बंद. अशा चालू-बंदने कॉम्प्रेसर लवकर झिजतो, आणि मान्सूनमध्ये हवेतली ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही. मैत्रिणींनो, युनिट बदलायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा: जो न मोजता टन सांगतो त्याला चहा पाजून परत पाठवा.

घरट्याचा फोटो मी घाबरतच दाखवला. हा हसेल, असं वाटलं होतं. मनात आपल्या धर्माबद्दल दोन वाक्यं जुळवून ठेवली होती. ती लागलीच नाहीत. तो म्हणाला, "हा होला आहे. अंडी किंवा पिल्लं असलेलं ह्याचं घरटं हलवता येत नाही, केंद्र सरकारचा कायदा आहे. आठवडाभरात उडतील." मग जाता जाता म्हणाला, साधे पारवे असते तर कायदा आडवा आला नसता. ते मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "काहून? पारव्याले जीव नाही का?"

मग ते आठ दिवस.

मंदिरातल्या एका मैत्रिणीने फिरता एसी दिला, खिडकीतून पाइप बाहेर काढायचा तो. त्यावर एक खोली कशीबशी तगली. आम्ही पाचही जण तिथे गाद्या टाकून झोपायचो. पण स्वयंपाकघर त्या खोलीत येत नव्हतं. पहाटे चारला उठून मी दिवसभराचं शिजवायचे. तरी सासूबाईंचा नेम ताज्या जेवणाचा आणि सूर्यास्तापूर्वीचा. जूनअखेरीला इथे पावणेआठला सूर्य मावळतो, म्हणजे सहा-साडेसहाला पुन्हा ओट्यापाशी उभं राहायचं, दिवसभर तापलेल्या भिंतींच्या मध्ये. तवा तापायच्या आधी मी तापलेली असायचे. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना डोळ्यांत पाणी आलं, आणि ते घामाचं नव्हतं. थांबायचं ठरवलं सासूबाईंनी, घाम गाळतेय मी, असं मनात आलं. त्या वर छतावरच्या होलीलाही मी बोल लावला. अहिंसा पाळायची ती घरातल्या बाईच्या पाठीवरच का, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणींना पडला असेल, पण तो आपण पाठशाळेत विचारत नाही.

चौथ्या दिवशी सासूबाईंना दुपारी चक्कर आली. मोठं काही नव्हतं, पाणी-साखर-मीठ देऊन बरं वाटलं. पण त्या दिवशी मी आवाज चढवला. "आई, जीव म्हणजे पिल्लांचाच का? तुमचा नाही?" ह्यांनी मला खुणेने थांबवायचा प्रयत्न केला. मी थांबले नाही. म्हटलं, उद्यापासून सकाळी दहा ते सहा तुम्ही मैत्रिणीच्या घरी राहायचं, आणि संध्याकाळी आपण सगळे मुगाची खिचडी खाऊ, रोज तीच.

त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्या, गाळणं आणि जपमाळ पिशवीत घालून दाराशी तयार बसल्या होत्या. गाडीत म्हणाल्या, "अवं, मले तुझं दिसलं नाही गं. मी वरतंच पाहत राहिली." त्यानंतरचे दिवस खिचडीचेच गेले, आणि सोपे गेले.

बसवायला पहाटे पाचला यायचं, हा सासूबाईंचाच हट्ट. कंपनीने आधी सकाळी दहाची वेळ दिली होती. "ते पोट्टे वरतं उन्हात करतील का काम?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मला जरा ओशाळल्यासारखं झालं. पाखरांसाठी थांबलेल्या घराने छतावरच्या माणसांचा विचार केलाच नव्हता. पैसे थोडे जास्त लागले.

क्रेन आली तेव्हा एक पिल्लू आदल्या दिवशीच उडालेलं होतं. दुसरं फटीच्या कडेशी बसलेलं. फोरमन म्हणाला, वाट बघू. चौघं ट्रकमध्ये बसून राहिले, मी लिंबूसरबत नेऊन दिलं. सहाच्या सुमारास एकाने शिडी सरळ केली, ती पन्हाळीला लागून खडखडली आणि ते पिल्लू फडफडत कठड्यावर गेलं, तिथून शेजारच्या पालो वर्दे झाडावर. आवाजाने घाबरून उडालं की त्याची वेळ झाली होती, ते मला आजही सांगता येत नाही. त्या संध्याकाळी आलोचना पाठ म्हणताना मी तो आवाज आठवून थांबले होते.

क्रेनचं काम दहा मिनिटांचं. खरा वेळ लागतो जुळवाजुळवीला. नव्या खोक्याची तोंडं जुन्या डक्टच्या जागी येत नाहीत, म्हणून पत्र्याचा सांधा बनवावा लागतो. तो चिकट लेपाने नीट बंद झाला नाही तर गार हवा माळ्यावर जाते आणि बिल तुमच्याकडे येतं. छताला लागलेले ओरखडे भरून घ्या, शहराचा परवाना आणि तपासणी चुकवू नका. दुपारी बाराला झडपांतून पहिली गार हवा आली. सासूबाई तिच्याखाली खुर्ची घेऊन बसल्या. आम्ही थर्मोस्टॅट ८० वर ठेवतो, म्हणजे साधारण २७. पंखे चालू असले की पुरतं.

फोरमनने चौकटीभोवती बारीक जाळी लावून दिली, पाखरं पुन्हा आत शिरू नयेत म्हणून. जाळी फक्त खालच्या फटीला, यंत्राचा वारा अडता कामा नये. तुम्हीही लावणार असाल तर घरटं होण्याच्या आधी लावा आणि आत कोणी नाही ना, ते टॉर्चने पाहून मगच. सासूबाईंना ती जाळी पटली नाही. त्यांचं म्हणणं, त्यांची सावली आपण काढून घेतली. मग ह्यांनी मागच्या अंगणात, पडवीच्या छपराखाली पूर्वेला एक लाकडी फळी ठोकून दिली. सासूबाई रोज सामायिक झाल्यावर तिकडे एक चक्कर मारतात. अजून कोणी आलेलं नाही.