राबाची राख
मोखाड्याच्या पावसात काड्यापेटी जपावी लागते. उतरंडीमागे, चुलीच्या उबेला ठेवली तरी तिच्या कडेची तपकिरी पट्टी सादळतेच, आणि काड्या घासून घासून गुल झडून जातो. आगीचं सारं मर्म त्या पट्टीत. तांबडा फॉस्फरस तिथे असतो, काडीच्या गुलात नाही.

त्याचंच दुसरं रूप पांढरं, मेणचट आणि विखारी. तिशीच्या आसपास पारा गेला की ते हवेत आपोआप पेटतं. जव्हारची वैशाखातली दुपार त्याला पुरून उरेल, म्हणून ते पाण्याखाली ठेवतात. काड्यांच्या कारखान्यांत या पांढऱ्यानं कामगारांचे जबडे सडवले. 1913 मध्ये हिंदुस्थानात त्याच्या काड्यांवर कायद्यानं बंदी आली. हाम्बुर्कच्या हेनिग ब्रांडला हे द्रव्य 1669 मध्ये सापडलं तेही सोन्याच्या हव्यासापायी, माणसाचं मूत आटवताना. आता ते खनिज फॉस्फेटातून काढतात. त्यात वाळू आणि कोक घालून विजेच्या भट्टीत सुमारे 1500 अंशांपर्यंत तापवायचं. कोक ऑक्सिजन ओढून नेतो, वाळू चुन्याला धरून ठेवते, मोकळा झालेला फॉस्फरस वाफ होऊन वर येतो आणि पाण्याखाली गोठतो. एवढा जाळ केल्याशिवाय तो सुटत नाही, आणि सुटला की हवेत पळभर टिकत नाही.

इथल्या वरकस उतारांवरही तो आहे, पण बांधलेला. तांबड्या आंबट मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम त्याला असं आवळून बसतं की नागलीच्या मुळाला तो शेजारी असून लाभत नाही. पोत्यातून आणून टाकलेलं सुपर फॉस्फेटही हळूहळू याच कैदेत जातं.

चैत्र-वैशाखात उतारांवर राब भाजतात. शेण, ऐनाचे टहाळे, पालापाचोळा, गवत, वरून मातीचा पातळ थर. मग वाऱ्याची दिशा बघून आग. ती धुमसत, रेंगाळत पुढे सरकते. नत्र धुरावाटे बरंचसं निघून जातं, फॉस्फरस मात्र राखेत राहतो. शिवाय राख मातीचा आंबटपणा मारते, त्यानं ती पकडही थोडी ढिली होते. ठाण्याच्या जंगलांवरून 1880 च्या दशकात मुंबई सरकारनं आयोग बसवला, तेव्हाही राबावरून पुष्कळ वाद झाला. झाडं ओरबाडली जातात ही तक्रार खोटी नाही. पण राब म्हणजे निव्वळ अडाणीपणा, असं म्हणणाऱ्यानं ती राख एकदा हातात घेऊन पाहिलेली नसावी.

रोहिणीच्या सुमाराला झाडांवर काजवे लखलखतात, तो उजेड फॉस्फरसचा नव्हे. पण तो पेटवायला लागणाऱ्या रेणूत फॉस्फेटच्या तीन कड्या असतात, एवढं नातं आहे.

नागलीच्या दाण्यात शिरल्यावरही फॉस्फरसचा बराचसा वाटा फायटेट होऊन अडकतो, आणि सोबत लोहालाही अडकवून ठेवतो. कुपोषणानं मोखाडा-जव्हारसारख्या ज्या तालुक्यांचं नाव वर्तमानपत्रांत गेलं, तिथे ही अडकाअडक साधी नव्हे. सोडवायला भट्टी लागत नाही. नागली रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे. दाण्यातलं विकर आपणच गाठ सोडतं. मग वाळवून, दळून, वस्त्रगाळ करून बाळाला सत्त्व. आजीबाई ते करतात. अंगणवाडीच्या ताईही हेच सांगतात.