अन्न आणि अभय

घरोघरी भेटी देताना आम्हांस वारंवार जाणवते की, जिच्यावर हात उगारला जातो, तिची भूक प्रथम मरते. कधी ताट भिरकावले जाते, कधी किराण्याचे पैसे अडविले जातात. मग ती सर्वांमागून उरलेसुरले खाते वा उपाशीच निजते. अशा भगिनींस आम्ही सांगतो, वेळेवर जेवा. भाकरी, डाळ, पालेभाजी. तेही न साधल्यास मूठभर शेंगदाणे, एखादे केळे. उपाशी देहास भय अधिक ग्रासते, निर्णय सुचत नाही. मात्र हे जेवण छळ सोसत राहण्यासाठी नव्हे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने घरखर्चाची अडवणूकही हिंसाच ठरविली आहे. १८१ या क्रमांकावर महिलांस साहाय्य मिळते. दोन घास खाऊन तो अवश्य फिरवावा.